कडेचं तापमान

रासायनिक रिॲक्टरांवरची आमची आंतरराष्ट्रीय परिषद दर पाच वर्षांनी आल्माटीत भरते. पाचच का, असं फिनलंडहून आलेल्या प्राध्यापक हेइक्किलांनी पहिल्याच दिवशी विचारलं. विज्ञानाची प्रगती तेवढ्या अवधीत मोजण्याजोगी होते, असं त्यांना सांगण्यात आलं. खरं कारण असं की आमच्या संस्थेचे संचालक, विज्ञान अकादमीचे सदस्य तोलेगेन, यांचं वय दर पाच वर्षांनी पाचानं भागलं जातं. त्या वर्षी ते सत्तर होतं.

वडीलधाऱ्यांचं पूर्ण नाव आम्ही तोंडावर घेत नाही, म्हणून ते सगळ्यांचे तोलेके. परिषद आंतरराष्ट्रीय असते, कारण पहिल्या रांगेत एक परदेशी बसवलेला असतो. त्या खेपेला तो मान हेइक्किलांचा होता. उद्घाटनातच त्यांना मखमलीचा जरीकाम केलेला झगा आणि टोकदार टोपी चढवली होती. जून महिना होता. झगा काढला तर अपमान होईल, असं त्यांच्या दुभाष्यानं सांगितल्यामुळे ते तीन दिवस शांतपणे घामाघूम होत राहिले.

तोलेकेंचं एक समीकरण आहे. तीस वर्षं ते आमच्या संस्थेच्या दर्शनी भिंतीवर पितळी अक्षरांत लावलेलं आहे. उभा पोलादी रिॲक्टर घ्या, त्यात उत्प्रेरकाच्या गोळ्यांचा थर भरा, वरून वायू सोडा. क्रिया होते, उष्णता निघते. समीकरण म्हणतं की एका पातळीवर मध्यापासून भिंतीपर्यंत तापमान सारखंच असतं. त्यामुळे मध्यावर एक तापमापी पुरतो.

तळघरातला छोटा रिॲक्टर मी सहा वर्षं चालवत होते. भिंतीलगत मी आणखी तीन तापमापी बसवले, कारण मला बघायचं होतं. एका बाजूला गोळ्यांचा चुरा होऊन दाटी झाली होती. तिथे वायू रेंगाळायचा, उष्णता साचायची, आणि तापमान मध्यापेक्षा एकशे चाळीस अंशांनी जास्त दिसायचं. कढईत मधोमध चमचा घालून चव घ्यावी आणि कडेला करपतंय ते कळूच नये, तसं. छोट्या रिॲक्टरात याचं फारसं काही होत नाही. पाच मजली रिॲक्टरात त्या जागेचं पोलाद मऊ पडतं, आणि आत दाब असतो.

असा पाच मजली रिॲक्टर स्तेपच्या गवताळ माळावरच्या एका नव्या कारखान्यात उभा राहायचा होता, मध्यावर एकच तापमापी घेऊन. परिषदेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी उपमंत्री त्याच्या करारावर सही करणार होते. तो सुरू करण्याची जबाबदारी माझ्यावर होती. म्हणजे पहिल्या दिवशी त्याच्याशेजारी उभं राहायचं होतं ते मला आणि पाळीवरच्या माणसांना. समीकरणाला नाही.

तोलेकेंना मी हे चार वेळा सांगितलं होतं. चौथ्या वेळचं संभाषण असं झालं.

"झौरेश, तुझा तापमापी बिघडलाय."

"बदलला, तोलेके. तिन्ही बदलून पाहिले."

"मग तिन्ही बिघडलेत. समीकरण बिघडत नाही, पोरी. त्यात हलणारे भाग नसतात."

म्हणून मी परिषदेत निबंध दिला. शीर्षक मुद्दाम असं ठेवलं की वाचता वाचता डोळा लागावा. 'स्थिर थरातील तापमान-वितरणाविषयी काही निरीक्षणे.' परिषदेचा चिटणीस कैरोल्ला, माझा विद्यापीठातला वर्गमित्र, त्याचा खरंच लागला असावा. दुसऱ्या दिवशी दुपारी मला पंधरा मिनिटं मिळाली. उपमंत्री येर्नार त्या सत्रात पहिल्या रांगेत असणार होते. मला एवढंच हवं होतं की सही करण्याआधी त्यांनी तो एक आलेख पाहावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्काराची भाषणं सुरू झाली आणि संपेनात. प्रत्येक संस्थेचं शिष्टमंडळ रांगेत उभं होतं. जेवणाच्या सुट्टीत कैरोल्लानं मला जिन्यात गाठलं.

"झौरेश, आठ मिनिटं."

"पंधरा आहेत."

"होती. शिमकेंतवाल्यांनी गालिचा आणलाय. त्यावर तोलेकेंचा चेहरा विणलाय. तो उलगडायलाच पाच मिनिटं जातात, आणि मग कुणीतरी रडणार. रडणाऱ्याला काय घंटा वाजवू?"

"कैरोल्ला, तो रिॲक्टर फुटू शकतो."

"अगं, आज तर नाही ना फुटत? आज घोडा येतोय."

घोडा खरंच आला. एका तेल कंपनीनं तोलेकेंना भेट दिलेला पांढरा घोडा अंगणात उभा केला होता, आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला उपमंत्री बाहेर गेले. त्यामुळे मी मंचावर चढले तेव्हा पहिल्या रांगेत फक्त हेइक्किला आणि त्यांचा झगा होता. आठाची तीन मिनिटं झाली होती. आलेख पडद्यावर आला आणि घंटा वाजली.

"प्रश्न?" कैरोल्लानं आशेनं विचारलं, म्हणजे कुणी विचारणार नाही या आशेनं.

हेइक्किलांनी हात वर केला. टोपी डोळ्यांवर घसरली. "भिंतीजवळ किती तापमापी होते?"

"प्रश्न फार खोल आहे," कैरोल्ला म्हणाला. "चहाच्या वेळी चर्चा करू."

चहाच्या वेळी हेइक्किलांना घोड्याकडे नेलं.

संध्याकाळी मेजवानी होती. दिवसा घंटा सांभाळणारा कैरोल्लाच आता तामादा झाला होता. म्हणजे कुणी कधी शुभेच्छा द्यायच्या ते ठरवणारा, हातात मायक्रोफोन घेतलेला. त्याचं सगळं कर्तृत्व या कामातच आहे, रसायनशास्त्र त्यानं चरितार्थासाठी धरलं. वाढदिवसाची फिल्म काढायला लग्नांत फिरणारी मंडळी बोलावली होती. टेबलांमधून तीन कॅमेरे हिंडत होते, आणि जो प्याला उचलेल त्याच्या तोंडाशी दिवा येत होता.

बेशबारमकची, म्हणजे उकडलेलं मांस घातलेल्या रुंद शेवयांची, ताटं आली आणि त्यांच्यापुढे, मोठ्या थाळीत, उकडलेलं मेंढ्याचं डोकं. ते कुणापुढे ठेवायचं यावर कैरोल्लानं आठवडाभर डोकं शिणवलं होतं. मान उपमंत्र्यांचा की तोलेकेंचा? शेवटी चौकशीत कळलं की उपमंत्र्यांचे वडील हयात आहेत, आणि बाप जिवंत असलेल्या माणसानं डोक्याला सुरी लावायची नसते. म्हाताऱ्याला दीर्घायुष्य लाभो, असं कैरोल्ला त्या दिवशी मनापासून म्हणाला.

डोकं तोलेकेंपुढे आलं. ते सुरी छान चालवतात. गालाचं मांस उपमंत्र्यांना गेलं, डोळ्याजवळचं हेइक्किलांना. मग त्यांनी एक कान कापला. कान लहान मुलांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. तोलेकेंनी सभागृहभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते.

"हा आमच्या झौरेशला," ते मायक्रोफोनमध्ये म्हणाले. "अजून वाढतं वय आहे. ऐकायला शिकेल."

सगळे हसले. मनापासून हसले, कारण दुपारच्या तीन मिनिटांची बातमी सगळ्यांपर्यंत पोचली होती. बशीत कान घेऊन वाढपी माझ्यापुढे आला, आणि त्याच्यामागोमाग मायक्रोफोन. डोक्यातला वाटा मिळालेल्यानं उठून दोन शब्द बोलायचे असतात. कैरोल्लानं वीस वर्षांच्या सवयीनं मायक्रोफोन पुढे केला. तो माझ्या हातात आल्यावरच, कुणाला दिला ते त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या चेहऱ्यावर ते लख्ख वाचता आलं.

सभागृहात माणसाला घंटा वाजवून खाली बसवता येतं. मेजवानीत शुभेच्छा मध्येच तोडणं अभद्र समजतात.

"तोलेके," मी म्हणाले, "कान मला योग्यच मिळाला. सहा वर्षं मी तळघरात तुमच्या रिॲक्टरचंच ऐकते आहे. दोन दिवस सगळे तुमच्याविषयी बोलले. त्याच्याविषयी कुणीच बोललं नाही. तो काय म्हणतो ते मी सांगते."

आणि सांगितलं. गोळ्यांचा चुरा, वायूचं रेंगाळणं, एकशे चाळीस अंश. कढईचं उदाहरण दिलं, कारण पुढ्यात ताटं होती. पोलाद कोणत्या तापमानाला मऊ पडतं तेही सांगितलं. कैरोल्लाचा हात घंटेकडे गेला, तिथे घंटेऐवजी मोहरीच्या सॉसची बाटली होती. मग त्यानं दोंब्रा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला खूण केली.

"वाजव की!"

"वेडा झालास का?" म्हातारा जोरात म्हणाला. "बाई शुभेच्छा देतेय. संपू दे तिचं."

पलीकडे हेइक्किला दुभाष्याला विचारत होते, ती काय म्हणते आहे? दुभाषी दोन दिवसांत थकला होता. "दीर्घायुष्य," तो म्हणाला. "आरोग्य. नातवंडं."

"मग तिनं कान का धरलाय हातात?"

"हौस."

मी शेवटाकडे आले. "म्हणून माझी इच्छा अशी. तोलेके, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य लाभो. पाळीवरच्या माणसांनाही थोडं लाभो. भिंतीलगत सात तापमापी बसेपर्यंत उद्याची सही थांबो. आणि तोवर तो रिॲक्टर सुरू करायला मला कुणी न सांगो."

शुभेच्छा संपली की सगळ्यांनी प्याले उचलून म्हणायचं असतं, तुझं म्हणणं खरं होवो. ऐकलं असो वा नसो. जन्मापासून म्हणतो आम्ही ते.

"तुझं म्हणणं खरं होवो!" अख्खं सभागृह गरजलं.

उपमंत्रीही गरजले, कारण दिवा त्यांच्या तोंडावर होता. आणि तोलेके, सत्तर वर्षांची सवय, तेही म्हणाले. ओठ आधी हलले, कपाळाला आठी नंतर पडली.

कैरोल्लानं घाईनं नाच सुरू केला. नाचातून वाट काढत उपमंत्री माझ्या टेबलाशी आले. चौतिशीचा, नीटस माणूस. वाकून, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं, हळू विचारलं.

"आपाय, ते सगळं रेकॉर्ड झालं का?"

"झालं असावं. तीन कॅमेरे आहेत."

"मीपण म्हणालो ना? खरं होवो?"

"चांगलं मोठ्यानं."

"आणि ते पोलाद मऊ पडतं म्हणालात ते… समजा पडलं. तर कुणाला विचारतील?"

"ज्याची सही असेल त्याला."

त्यांनी थोडा वेळ गालिच्यावरच्या तोलेकेंच्या चेहऱ्याकडे बघितलं. तापमान त्यांना कळलं नव्हतं. कॅमेरा कळला होता.

सकाळी त्यांना राजधानीतून तातडीचं बोलावणं आलं. ज्या फोनवर ते आलं तो फोन त्यांनीच लावला होता, असं त्यांचा ड्रायव्हर सगळ्यांना सांगत होता. करार पुढे ढकलला गेला.

समारोपाआधी तोलेकेंनी मला खोलीत बोलावलं. मी राजीनामा पिशवीत घालून गेले होते. ते खिडकीतून घोड्याकडे बघत होते. घोड्यानं संस्थेची ट्यूलिप खाल्ली होती.

"कान खाल्लास का?"

"नाही, तोलेके."

"खायचा असतो." त्यांनी खिडकी लावून घेतली. "किती तापमापी म्हणालीस?"

"सात."

"सात." त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून, खऱ्याखुऱ्या दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "एवढी मोठी गोष्ट, झौरेश, आणि तू मला आधी सांगितली नाहीस?"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते नाटक करत नव्हते. राजीनामा पिशवीतच राहिला. खरं सांगणाऱ्या माणसाशी भांडता येतं, खोटं सांगणाऱ्याशीही. यांच्याशी कसं भांडायचं ते मला कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवलं नव्हतं.

समारोपात तोलेकेंनी ठराव मांडला की भिंतीलगतच्या उष्ण जागांविषयी त्यांना अनेक वर्षं शंका होती, आणि तरुण सहकाऱ्यांनी तिला दुजोरा दिला आहे. ठराव एकमतानं मंजूर झाला. पितळी समीकरणाला वर्षभरात एक पद जोडलं गेलं. नवं पितळ जुन्यापेक्षा चकाकतं, त्यामुळे लांबूनही कळतं. निबंध छापून आला तेव्हा त्यावर पहिलं नाव तोलेकेंचं होतं, दुसरं कैरोल्लाचं, तिसरं उपमंत्र्यांचं, कारण ते डॉक्टरेटच्या वाटेवर होते. चौथं माझं होतं. नावात एका अक्षराची चूक होती.

सात तापमापी मात्र बसले. रिॲक्टर दोन वर्षांनी सुरू झाला. एका सकाळी उत्तरेकडचा तापमापी एकाएकी चढू लागला. मधला जागचा हलला नव्हता. मी वायू कमी केला. पाळीवरच्या माणसानं विचारलं, "काही झालं का, आपाय?" मी म्हणाले, "नाही." तो चहा प्यायला गेला. अशा गोष्टींची फिल्म कुणी काढत नाही.

परवा तोलेकेंना पंचाहत्तर पूर्ण झाली आणि परिषद भरली. त्यांचं बीजभाषण उष्ण जागांवर होतं. संध्याकाळी डोकं त्यांच्याचपुढे आलं. या वेळी त्यांनी मला गालाचं मांस पाठवलं आणि मोठ्या प्रेमानं हात हलवला. वाटा मिळाला, म्हणून दोन शब्द बोलायला मी उठले. कैरोल्ला लांबूनच ओरडला की मायक्रोफोन तिथवर पोचत नाही, वायर तोकडी आहे.

मायक्रोफोन बिनतारी होता.