चार वाजताचं रीडिंग

बोरदडे सबस्टेशनात नवं यंत्र बसलं, त्या दिवशी नारळ चुडामण पाटलाने फोडला. हात जोडून त्याने मनात जे मागितलं ते मंजूर झालं असतं, तर यंत्र संध्याकाळपर्यंत जळून गेलं असतं. पण अर्ज वरपर्यंत पोचला नाही. यंत्रावर हिरवा दिवा लागला आणि ते बसवायला आलेल्या लोकांनी चुडामणच्या खुर्चीत बसून, चुडामणच्या कपातून चहा पीत, आता इथे माणसाची गरज उरणार नाही असं त्याला मोठ्या आनंदाने सांगितलं.

यंत्र म्हणजे कपाटाएवढं राखाडी खोकं. फीडरवर, म्हणजे गावाला जाणाऱ्या लाइनवर, किती अँपिअरचा भार आहे, ट्रान्सफॉर्मरचं तेल किती तापलंय, खोलीचं दार उघडं आहे की लोटलेलं, हे सगळं ते दर दोन सेकंदांनी नंदुरबारच्या कंट्रोल रूमला कळवायचं. तिथल्या पडद्यासमोर बसलेला माणूस एका बोटाने इथली लाइन बंद-चालू करायचा. चुडामण गेली एकोणीस वर्षं हेच करत होता. फक्त तो दर तासाला करायचा आणि मधे तंबाखू खायचा. पहिल्या दिवशी तो थुंकायला सहा वेळा बाहेर गेला आणि दार का उघडलं हे विचारायला नंदुरबारहून सहा वेळा फोन आला.

पंधरा दिवस चाचणी होती. यंत्र पास झालं की सबस्टेशन माणसावाचून चालणार आणि दिवसपाळीचा ऑपरेटर चुडामण तळोद्याच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी बदलून जाणार. तळोद्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार म्हशीची होती. मोगरी नावाची ती म्हैस चुडामणशिवाय कोणाच्या हाताला पान्हा सोडत नसे. एकदा तो लग्नाला गेला असताना त्याच्या बायकोने, प्रमिलाबाईने, त्याचा ऑफिसचा शर्ट घालून आणि त्याच्यासारखं खाकरून धार काढायचा प्रयत्न केला होता. मोगरीने बादली आणि प्रमिलाबाई, दोघींना दोन वेगळ्या दिशांना रवाना केलं. आता रोज जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर करणारा माणूस दोन्ही वेळा धारेला कसा पोचणार, याचं उत्तर कंपनीच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

चाचणीवर देखरेख करायला स्वप्नाली मॅडम आल्या. कंपनीत सहायक अभियंता, वय सव्वीस, माहेर शेजारच्याच लोणखेड्याचं. ऑफिसात त्या शुद्ध मराठी बोलायच्या आणि चुडामणला आप्पा म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांनी चुडामणची लॉगशीट मागितली. दर तासाला मीटर बघायचं आणि आकडा लॉगशीटमध्ये भरायचा, ही ऑपरेटरची नोकरी. मॅडमनी कागद हातात घेतला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आप्पा, अकरा वाजलेत."

"हो मॅडम."

"चार वाजताचं रीडिंग भरलंय."

"चार वाजता मी जरा कामात असतो," चुडामण म्हणाला.

खरं म्हणजे तो आठ वाजता आल्या आल्या संध्याकाळपर्यंतचा कागद भरून टाकायचा. तब्बल बारा वर्षं. त्यात लबाडी आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. भात शिजणार हे माहीत असताना तासातासाला झाकण कशाला उघडायचं. मॅडम मात्र भडकल्या. पण कागद फाडायच्या आधी त्यांनी ठरवलं, की खोटं रंगेहाथ पकडायचं. संध्याकाळपर्यंत त्या यंत्राच्या पडद्यासमोर मांडी ठोकून बसल्या. बारा वाजता कागदावर अठ्ठावन्न, पडद्यावर अठ्ठावन्न. दोनला चौसष्ट, पडद्यावर पासष्ट. ठीक चारला कागदावर एकाहत्तर होतं. पडदा बहात्तरवर होता. मॅडमनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तेवढ्यात पडदाही एकाहत्तरवर आला.

हे कसं, असं त्यांनी विचारलं तेव्हा चुडामणला प्रश्नच नीट कळला नाही. गावात मोठी यंत्रं तीन. जसोदाबाई पटेलांचं मिरची कांडप, चुनीलालशेठची कापसाची जिनिंग आणि केळी पिकवायची थंड खोली. शिवाय ग्रामपंचायतीचा पाण्याचा पंप. जसोदाबाई पूजा करून साडेदहाला बटण दाबायच्या. चुनीलालशेठ जेवून डुलकी काढून तीनला. पाणीवाला अकराला, पण सोमवारी साडेअकराला, कारण सोमवारी तो दाढी करायचा. मोठं यंत्र चालू करायच्या आधी प्रत्येक जण सबस्टेशनला फोन करून, "करू का सुरू?" असं विचारायचा. हा बोरदड्याचा रिवाज होता. दोन मोठी यंत्रं एकदम सुरू झाली की फीडर पडतो, सगळीकडची वीज जाते, हे गाव एकदा दिवाळीत शिकलं होतं.

मॅडमचा राग उतरला, इतका की त्या चुडामणच्या बाजूच्या झाल्या. नंदुरबारला कार्यकारी अभियंता गिरासे साहेबांकडे जाऊन त्यांनी युक्तिवाद केला, की यंत्र झालेलं सांगतं आणि हा माणूस होणारं सांगतो, असा माणूस हलवू नये. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ठरलं, की उरलेले बारा दिवस चुडामणने सकाळी आठला आकडे नंदुरबारला पाठवायचे आणि दिवसभर यंत्राशी ताडून बघायचे. फरक दोन अँपिअरच्या आत राहिला तर बदली रद्द करायचा विचार करू.

इथून चुडामणची झोप उडाली. बारा वर्षं आकडे आपोआप जुळत होते, कारण ते जुळावेत अशी कोणाची अपेक्षा नव्हती. आता जसोदाबाईंची पूजा दहा मिनिटं लांबली तरी त्याची म्हैस उपाशी... म्हणजे म्हैस नव्हे, पण कोणीतरी उपाशी राहणार होतं. त्याने सरळ मार्ग धरला. आकडे गावाप्रमाणे लिहिण्याऐवजी गाव आकड्यांप्रमाणे चालवायला घेतलं.

सकाळी सायकल काढून तो घरोघर वेळ वाटायचा. दोन-तीन दिवसांत लोकांना सवय लागली. मग गावात भेटला की जो तो आपला आकडा विचारू लागला. जसोदाबाई तर ओट्यावरूनच हाक मारायच्या.

"चुडामण, आज मन्हं कितलं लिखेल शे?"

"साडेदहाले पाच अँपिअर, मावशी. तेन्हा पहिले बटनले हात लावू नको."

"आन् मिरची कमी पडनी तं?"

"तं खाली फिरव. पन पाच पाहिजेत."

आणि मावशींनी एकदा खरंच अर्धा तास रिकामं कांडप फिरवलं.

सातव्या दिवशी संकट आलं. चुनीलालशेठच्या जिनिंगचा पट्टा तुटला. तीनच्या रीडिंगमध्ये बारा अँपिअरचा खड्डा पडणार होता आणि अडीच वाजले होते. चुडामणने ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गावाला विनंती केली, की ज्यांच्या घरी पाणी तापवायचा रॉड असेल त्यांनी बरोबर तीनला लावावा. का, ते सांगितलं नाही; लोकांनीही विचारलं नाही. सबस्टेशनहून सांगितलंय म्हणजे काही तरी सरकारी असणार. त्या दुपारी, उन्हाचा चटका बसत असताना, बोरदड्याची दीडशे घरं कढत पाण्याने अंघोळीला बसली. आकडा जुळला. गाव स्वच्छ झालं. प्रमिलाबाईंना काय कारण सांगावं ते न सुचल्याने चुडामणनेही अंघोळ केली.

बारा दिवसांत एकदाही फरक दोनच्या वर गेला नाही. मॅडमनी पेढे मागवून ठेवले. गिरासे साहेबांचा अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला, आणि तो वाचल्यावर पेढ्यांचा बॉक्स मॅडमनी हळूच ड्रॉवरमध्ये सरकवला. साहेबांनी लिहिलं होतं, की सदर उपकेंद्राचा भार संपूर्ण जिल्ह्यात सर्वाधिक नियमित व शिस्तबद्ध आढळून आला असून, अशा ठिकाणी स्थानिक मनुष्यबळाची कोणतीही आवश्यकता दिसून येत नाही. सोमवारी एक दिवस उपकेंद्र माणसाशिवाय चालवून बघावे आणि मंगळवारी ऑपरेटरला कार्यमुक्त करावे.

मॅडम म्हणाल्या, की आप्पा, माझं चुकलं. चुडामण म्हणाला, की नाही मॅडम, माझंच जास्त बरोबर आलं.

सोमवारी त्याने फोन बंद केला, सायकल भिंतीला लावली आणि गोठ्यात मोगरीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसला. सबस्टेशनात कोणीही नव्हतं. स्वप्नाली मॅडम फाटकाबाहेर जीपमध्ये, आणि नंदुरबारला साहेब स्वतः पडद्यासमोर.

इकडे गाव वेळेची वाट बघत होतं. साडेदहा झाले. जसोदाबाईंनी चुडामणला फोन लावला, तो लागेना. चुनीलालशेठने लावला, लागेना. पाणीवाला सोमवार असूनही दाढी लवकर उरकून तयार होता. पावणेअकराला जसोदाबाईंचा धीर सुटला आणि त्यांनी कांडपाचं बटण दाबलं. कांडपाची घरघर गावभर गेली. ती ऐकून बाकीच्यांना वाटलं, आज एकदमच परवानगी मिळालेली दिसते. जिनिंग, थंड खोली, पंप, सगळं एका मिनिटात सुरू झालं. शिवाय अंघोळीच्या दिवसापासून काही घरांत शिस्त मुरली होती. काहीही सुरू झालं की ते रॉड लावायचे.

फीडर पडला.

यंत्राने नंदुरबारला ताबडतोब कळवलं. साहेबांनी एका बोटाने लाइन चालू केली. गावात वीज आली, आणि वीज आली की बटण दाबायचं एवढं प्रत्येकाला ठाऊक होतं. फीडर पुन्हा पडला. साहेबांनी पुन्हा बोट लावलं. चौथ्या वेळी ते नुसतेच बोटाकडे बघत बसले. यंत्र आपलं काम चोख करत होतं. लाइन पडल्याचं दर वेळी दोन सेकंदांत सांगत होतं.

स्वप्नाली मॅडम जीप घेऊन गोठ्यापाशी आल्या, तेव्हा त्यांचं शुद्ध मराठी वाटेतच कुठेतरी सांडलं होतं.

"आप्पा, चला ना. फीडर टिकी नही ऱ्हायना."

"यंत्राला सांगा ना मॅडम."

"सांगून झालं. चार वेळा."

चुडामणने एक गोचिडी काढून दगडावर ठेवली. त्याच्या लक्षात आलं, की उठलो नाही तर नंदुरबारची अब्रू जाईल. उठलो तर उद्या तळोद्याची गाडी धरावी लागेल. त्याने मोगरीकडे पाहिलं. तिचं मत ठाम होतं, पण ती ते बोलणार नव्हती. तेवढ्यात मॅडमनी साहेबांचा चालू फोन त्याच्यापुढे धरला.

"साहेब, आधी जसोदाबाईंना वीस मिनिटं थांबवा," चुडामण म्हणाला. "मग पाण्याचा पंप. चुनीलालशेठला सांगा जेवून घ्या. जेवले की ते झोपतात, मग काळजी नाही."

पलीकडे की-बोर्डचा आवाज आला. साहेब काहीतरी शोधत होते.

"जसोदाबाई कुठल्या स्क्रीनवर आहेत?" साहेबांनी विचारलं.

"स्क्रीनवर नाहीत साहेब. ओट्यावर आहेत."

की-बोर्डचा आवाज थांबला. मग साहेबांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, की तुम्ही स्वतः जाऊन सांगू शकाल का. चुडामण म्हणाला, की सांगेन, पण मी उद्यापासून कार्यमुक्त आहे. साहेब म्हणाले, ते बघू. चुडामण म्हणाला, की आधी बघा, मी तोवर म्हशीचा डावा कान करून घेतो.

साहेबांनी आधी बघितलं. चुडामणने सायकल काढली. पंचवीस मिनिटांत गाव रांगेला लागलं आणि फीडर अठ्ठावन्नवर येऊन गाईसारखा शांत झाला.

बदली रद्द झाली; पण कंपनीत कुठलीही गोष्ट नुसती रद्द होत नाही, तिची नोंद व्हावी लागते. अहवालात बोरदड्याला मनुष्यबळाची गरज नाही असं लिहून झालं होतं आणि साहेबांची सही सुकली होती. तेव्हा साहेबांनी तोडगा काढला. यंत्राला जोडलेल्या उपकरणांची अठ्ठेचाळीस नावं होती: ब्रेकर, तेलाचं तापमान, दार वगैरे. त्यात एकोणपन्नासावं नाव आलं, 'चुडामण'. मनुष्यबळ म्हणून तो गेला आणि उपकरण म्हणून परत रुजू झाला. नंदुरबारच्या पडद्यावर ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी त्याचा हिरवा ठिपका दिसू लागला. प्रमिलाबाईंनी ते ऐकून एवढंच विचारलं, की वॉरंटी किती वर्षांची आहे.

ठिपका हिरवा राहावा म्हणून त्याच्या टेबलाला एक बटण बसवलं होतं. उपकरण चालू आहे हे कळवायला दर तासाला ते एकदा दाबायचं. मॅडमनी त्याला दोनदा समजावून सांगितलं, की दर तासाला, आप्पा. चुडामणने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोगरीची धार काढून, अंघोळ करून तो बरोबर आठला खुर्चीत बसला आणि बटण आठ वेळा दाबून मोकळा झाला.