वेणक्का कॉफीला येणार

थेंब काही पडेना.

तानीबाईनं पितळी फिल्टरचं वरचं भांडं उचलून पुन्हा खाली डोकावलं. तळाशी जरासा काळा ओलावा होता, बोट बुडवावं म्हटलं तरी पुरला नसता. वर मात्र पावडर फुगून चिखलासारखी बसली होती आणि उकळतं ओतलेलं पाणी तिच्यावर आरामात निवत होतं.

"वरनं फुंकू काय?" तिनं विचारलं.

"फुंकून काय व्हतंय? चूल हाय काय ती?" देवाप्पा दारातून म्हणाला. रविवार असूनही त्यानं ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दुपारपासून तो दार ते अंगण अशा येरझाऱ्या घालत होता. "पावडर कसली आणलीस तू?"

"खडेबाजारातली. माझ्यासमोर दळून दिली. जाड पायजे का बारीक म्हणाला, मी म्हटलं चांगली बारीक कर. वस्त्रगाळ."

चूक होती ती इथं होती; इतक्या बारीक पावडरीतून पाणी खाली उतरतच नाही. पण तानीबाईला कोण सांगणार? तिच्या घरात जाड दळायचा तो म्हशीचा भरडा. पाहुण्यांसाठी म्हणून कुणी जाडं-भरडं दळून आणतं होय?

फिल्टर देवाप्पाच्या टेलिफोन ऑफिसातल्या हुबळीच्या एका मित्राचा, दोन दिवसांसाठी मागून आणलेला. कारण येणारी बाई साधी नव्हती. ती घरमालकीण होती, वेणक्का. अंगणापलीकडच्या मोठ्या घरात एकटी राहणारी, धारवाडकडची, सोवळ्याओवळ्याची. दिवसातून दोनदा तिच्या स्वयंपाकघरातून कॉफीचा असा काही वास सुटे की तानीबाई धुणं थांबवून नाक वर करी. आत काय चालतं ते मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिची मजल उंबऱ्यापर्यंत. त्याच्या पुढं ती स्वतःच गेली नव्हती.

ही जागा मिळायच्या आधी देवाप्पानं सगळं बेळगाव पालथं घातलं होतं. लोक नोकरी विचारत, गाव विचारत, बसा म्हणत, आणि आडनाव कळलं की त्या खोल्या नेमक्या कालच कुणाला तरी दिलेल्या असत. शहापुरात वेणक्कानं मात्र बायको येणार ना, मांसमच्छी करत नाही ना, एवढंच विचारलं. आडनाव विचारायचं ती विसरली आणि देवाप्पा सांगायचा विसरला. तिचं विसरणं खरं होतं.

तेव्हापासून आठ महिने दोघं श्वास रोखून राहत होते. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत साड्यांखाली होती. मटण खायचं तर बहिणीकडं वडगावला जाऊन. एकदा तानीबाईचे वडील संकेश्वराहून आले आणि अंगणातूनच त्यांनी खणखणीत "जय भीम" घातला, तेव्हा देवाप्पाला असा खोकला आला की म्हातारा घाबरून पाणी मागायला लागला. हसण्यासारखंच होतं ते, पण त्या रात्री दोघांपैकी कुणी हसलं नाही.

आणि आता तानीबाईला दिवस भरत आले होते. चार दिवसांनी ती बाळंतपणाला माहेरी जाणार होती. वेणक्कानं तिच्या डोहाळ्यांना लिंबाचं लोणचं दिलं होतं, जड बादली उचलू नको म्हणून दोनदा रागावली होती, आणि परवा तिच्या धारवाडी वळणाच्या मराठीत म्हणाली होती, "ताने, जायच्या आधी तुझ्या हातची कॉफी प्यायला येतो बघ. रविवारी येतो."

"बघायलाच येणार ती," तानीबाई त्या दिवसापासून म्हणत होती. "कळलंय तिला कायतरी."

देवाप्पाचं उलट होतं. "येऊ दे की. एकदा का आपल्या घरातली कॉफी तिच्या तोंडाला लागली, मग मी सांगून टाकतो. प्याल्यावर काय करणार? आनि बाळाला घेऊन तू हितंच येणार, नळ हाय, दवाखाना जवळ हाय." हे तो इतक्यांदा बोलला होता की त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

कॉफी कसली करायची यावर तीन दिवस वाद झाला. शेजारची अक्काताई म्हणाली, दुधात साखर टाकून आटव आणि जायफळ किसून घाल. देवाप्पा म्हणाला, जायफळाची कॉफी ही माणसं पीत नाहीत, ती फिल्टरचीच पितात. तानीबाईला येत होती ती एकच कॉफी. तिची आई डोकं दुखलं की करायची ती, पाण्यात पावडर आणि गूळ टाकून खळखळा उकळलेली. ती पाहुण्यांना द्यायची नसते, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं.

"आली!" देवाप्पा दबक्या आवाजात ओरडला.

फिल्टरच्या तळाशी अजून चमचाभरही उतरलं नव्हतं. तानीबाईनं क्षणभर दाराकडं पाहिलं, मग तो सगळा चिखल पाण्यासकट पातेल्यात उपडा केला, वर आणखी पाणी घातलं, गुळाचा खडा टाकला आणि स्टोव्हला पंप मारायला लागली. आईची तर आईची.

बाहेर वेणक्का चटईवर बसली. देवाप्पा हवापाण्याचं बोलत होता आणि पुन्हा पुन्हा आत बघत होता. तानीबाईनं धुतलेल्या पंच्याच्या तुकड्यातून कॉफी गाळली. गुळानं दूध नासतं म्हणून पातेलं खाली उतरवून, जरा थांबून, मग दूध घातलं. स्टीलच्या नव्या पेल्यात ओतून तिनं ती बाहेर नेली.

"कसला वास सुटलाय गं!" वेणक्का पेला घेत म्हणाली.

मग तिनं मान मागं टाकली, पेला हातभर वर धरला आणि कॉफीची धार वरून तोंडात सोडली. धार नेमकी पडत होती. एक थेंब सांडला नाही.

"गूळ घातलीस? माझी आई करायची असली," वेणक्का खुशीत म्हणाली. "किती दिवसांनी मिळाली." आणि पुन्हा पेला वर धरला.

तानीबाईला शब्द ऐकू आले नाहीत. तिला धार दिसत होती. संकेश्वरात तिची आजी विहिरीच्या काठाखाली ओंजळ धरून बसायची आणि वरून कुणीतरी घागर वाकडी करायचं, तशी धार. म्हणजे हिला माहीत आहे. माहीत असून आली, आणि आमच्या घरात बसून आमचा पेला ओठांना लावत नाही. आठ महिने दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं.

"अक्का, प्यायची तर तोंड लावून प्या," ती म्हणाली. "न्हायतर ठिवा खाली. असं वरनं पाणी आमच्या आजीनं पिलंय. माझ्या घरात नगं."

देवाप्पानं डोळे मिटले.

वेणक्का गोंधळून बघत राहिली. "अगं, मी सगळीकडं असंच पितो. घरात पण. उष्टं व्हायला नको म्हणून सासूबाईंनी लावलेली सवय. सख्ख्या बहिणीकडं गेलो तरी वरूनच. विचार की कुणालाबी." ती बोलता बोलता थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ हळूहळू निवला आणि तिथं दुसरंच काही आलं. "तुझ्या आजीला कोण घालायचं वरून?"

आता लपवण्यासारखं उरलं काय होतं? देवाप्पा पुढं झाला, "न्हाय, तिचं काय हाय अक्का..."

"बौद्ध हाव आमी," तानीबाई म्हणाली. "आमचं घर म्हारवाड्यात."

वेणक्काच्या हातात अर्धा पेला होता. ती त्यात बघत राहिली. मग तिनं तो उचलला, कपाळापर्यंत नेला, आणि हात तिथंच थांबला. दोघं नवराबायको त्या हाताकडं बघत होते. हात खाली आला. तिनं पेला चटईच्या कडेला ठेवला, फार सांभाळून.

"येईना गं हात," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते खोटं नव्हतं. "बोलली नसतीस तर संपवली असती बघ मी."

"व्हय अक्का," तानीबाई म्हणाली. "म्हाईत हाय."

दाराशी वेणक्का वळली, तानीबाईच्या पोटाकडं बघून "सुखरूप मोकळी हो" म्हणाली आणि अंगण ओलांडून गेली. बाळाला घेऊन कधी येणार, हे तिनं विचारलं नाही.

देवाप्पा मटकन खाली बसला. "वरनं तर वरनं. पीत हुती की गं ती! कशाला बोललीस?"

"चुकलं माझं," तानीबाई म्हणाली. "तिची सवय मला म्हाईत नव्हती. पर बोलले ते चुकलं न्हाय." तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि त्याच्याबरोबर घरही गेलं होतं, हे तिला दोन्ही एकदम कळत होतं. "बांधाबांधीला पोती लागतील. उद्या बघून ठिवा."

तो उठला आणि पेल्यातली कॉफी मोरीत ओतायला निघाला.

"ओतू नगासा. आणा हिकडं."

"अगं, तिची उष्टी..."

"कुटली उष्टी?" तिनं त्याच्या हातातून पेला घेतला. कड कोरडी, स्वच्छ होती, घासून ठेवली होती तशीच. ती वेणक्का बसली होती त्या जागी, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसली आणि पेल्याला तोंड लावून कॉफी प्यायला लागली.