उगवलेल्या अकरा पन्न्या

राज्य नवं होऊन दीड वर्ष झालं होतं. राजधानी झालेल्या रायपुरात रोज एखादा रस्ता रुंद होत होता, आणि या रस्त्यांच्या दुभाजकांवर लावायला शंकासुराची रोपं हवी होती. गुढियारी मोहल्ल्यातली कलावती ज्या नर्सरीत मजुरीला जायची, तिथे चारशे पन्न्यांत, म्हणजे मातीनं भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, बी टाकलं. महिना उलटला तरी उगवल्या फक्त अकरा.

नर्सरीचे बाबू श्रीपाद वैतागले. "बी खराब निघालं, कलाबाई. फेकून द्या सगळं."

कलावतीनं एक पन्नी उलटी केली. बी जसंच्या तसं, खड्यासारखं टणक. सडलं नव्हतं, किडलंही नव्हतं. मग ते खराब कसं? आणि त्या अकराच काहून उगवल्या?

संध्याकाळी भाकरी थापतानाही तिच्या डोक्यात तेच. एकदम तिचा हात थांबला. बी काढताना बाकी शेंगा उन्हात तडकून आपोआप उघडल्या होत्या, पण शेवटच्या दोन-तीन काही केल्या उघडेनात, म्हणून तिनं त्या विटेनं ठेचल्या होत्या. ते बी तिनं शेवटच्या ओळीत टाकलं होतं. आणि अकराही रोपं त्याच ओळीत होती!

सकाळी तिनं दहा बिया विटेवर घासल्या, वरचं चकचकीत साल जाईस्तोवर. दहा तशाच ठेवल्या. दोन ओल्या फडक्यांत दोन्ही बांधल्या.

"ये क्या कर रही हो, आई?" लेक रीनानं विचारलं.

"पाहून राहिली, त्याले पाणी आत घ्यायले वाट भेटते का."

दुसऱ्या दिवशी घासलेल्या बिया फुगून दुप्पट झाल्या होत्या. दुसऱ्या फडक्यातल्या होत्या तशाच, टणक. सहाव्या दिवशी घासलेल्यांपैकी आठांना पांढरे कोंब. तिनं फडकं तसंच डब्यात ठेवलं आणि श्रीपादबाबूंच्या टेबलावर उघडलं.

बाबूंनी कोंब आलेलं एक बी उचलून डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाले, "मी तर फेकायलेच लावत होतो." त्यांनी उरलेलं बी मागवलं, स्वतः वीट घेऊन तिच्याशेजारी खाली बसले. "किती घासू?"

"आतलं पांढरं दिसलं का थांबा. जास्त घासलं तर मरते."

त्या खेपेला तीनशेच्या वर रोपं उभी राहिली. एक ओळ कलावतीनं वेगळी राखली होती. त्या ओळीचं बी तिनं मुद्दाम पिवळ्या फुलांच्या झुडपावरून आणलं होतं. दिवाळीच्या सुमारास ती ओळ फुलली. बहुतेक पिवळी, पण चार झाडं लालभडक, पाकळ्यांना पिवळी किनार.

कलावती त्या चार झाडांपुढे उकिडवी बसली. "बाबू, आई पिवळी अन् लेकरं लाल. हे काहून?"

"हे मले नका विचारू," बाबू हसत म्हणाले. "तुम्हीच शोधा. पुढच्या खेपेला कोणत्या झाडाचं बी कुठं टाकायचं, ते तुम्ही सांगाल."

तिनं चारही झाडांना लाल चिंधी बांधली, अन् त्यांच्या बियांतून कोणत्या रंगाची फुलं येतात ते पाहायला शेंगा कधी वाळतात याची वाट पाहू लागली.