लाल गाडी आणि रनाळ्याची विहीण

ललितने सुरतेहून ती लाल गाडी आणली त्या दिवशी कळसाडीतल्या कोंबड्यांनी तिच्यावरून उड्या मारून रस्ता ओलांडला. खालून जायला वावच नव्हता, इतकी ती बुटकी. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि मला चष्मा लागतो या गोष्टीचा इथे काही संबंध नाही.

दोन दारं, रुंद चाकं, मागे बदकासारखं वर वळलेलं शेपूट. पुढे दोन माणसं ऐसपैस, आणि मागे, विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे, आणखी दोन. तो विकणारा हिरे पारखायचा. माणसं कधी मोजली नसावीत. मागच्या त्या जागेत मांजर व्यायली असती तर एखादं पिल्लू तिला शेजाऱ्यांकडे ठेवावं लागलं असतं. पण चावी फिरवली की गाडी अशी घुमायची, अशी घुमायची, की दगूबाईच्या म्हशीने एकदा बादलीत दुधाऐवजी थेट ताक दिलं. दगूबाई अजून त्या ताकाचं नाव काढते.

ललितचा केळीचा मळा गावाबाहेर. उसाच्या ट्रॅक्टरांनी वाटेत एवढ्या खोल चाकोऱ्या पाडलेल्या की गाडीचं पोट टेकायचं. म्हणून तो मळ्यात मोटारसायकलवर जायचा, भरभर काम उरकायचा, आणि मोटारसायकलवरूनच गाडीला भेटायला परत यायचा. मऊ फडक्याने तिला पुसताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असे. लग्नात नवरीकडेसुद्धा त्याने असं पाहिलं नव्हतं, असं त्याची बायको यामिनी म्हणायची. म्हणायची आणि स्वतःच पुढच्या सीटवर जाऊन बसायची.

त्याचा बाप शांतीलाल मात्र ओट्यावरून रोज विचारायचा, "ही गाडी शे का पायताण? पायमा घालानी शे का बठानी?"

त्याचंही खोटं नव्हतं. गाडीत खताची गोणी मावेना, पाहुणे मावेनात, आणि शहाद्याच्या बाजाराला निघालेल्या जसोदाबाईंना, म्हणजे ललितच्या आईला, एकदा आत बसवलं तर पिशव्या बसने पाठवाव्या लागल्या. इकडे पुरुषोत्तमनगरच्या हेमकांतचा गाडीवर जीव जडलेला. त्याच्याकडे जीप होती. निम्मी वरात आत बसावी अशी. "काका, ही घ्या, ती द्या," त्याने शांतीलालला सांगून टाकलं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी गोष्ट टोकाला गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात सासरी गेलेली लेक माहेरी येतेच. भाऊ तिला आणायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. ललितची बहीण भूमिका रनाळ्याला दिलेली. शांतीलाल म्हणाला, "जीप मागवतो. तिच्यात जा."

"मी माझ्या गाडीत आणीन ताईला," ललित म्हणाला.

शांतीलालने ओट्यावरून बोट रोखलं. "आण. पण ऐक. हेमकांत संध्याकाळी जीप घेऊन इथे ओट्यावर बसेल. दिवस मावळायच्या आत माझी लेक त्या पायताणातून मानाने दारात आली, तर गाडी तुझी. वाटेत गाडी बंद पडली, लेकीला चालावं लागलं, किंवा तिच्या सासरच्यांनी नाक मुरडलं, की चावी हेमकांतची."

"कबूल," ललित म्हणाला. मी जवळच होतो.

मुऱ्हाळ्याबरोबर एक वडीलधारा लागतो, विहिणीशी दोन शब्द गोड बोलायला. गोड बोलण्याचा विषय निघाला की गावात माझंच नाव निघतं. सांजोऱ्यांची पाटी मांडीवर घेऊन मी पुढे बसलो. बसलो म्हणजे, आधी पाय आत टाकले, मग कंबर, आणि मग उरलेला मी आपोआप घरंगळलो. ढुंगण आणि डांबर यांच्यात चार बोटांचं अंतर.

शहादा मागे पडलं आणि ललितने पाय दाबला. काय सांगू तुम्हाला. माझी पाठ सीटला अशी चिकटली की सदऱ्यावर शिवण उमटली. आमच्या मागची धूळ आम्हाला गाठायला निघाली ती प्रकाशा गावाच्या पुलावर थकून बसली. तापी ओलांडताना मी खाली पाहिलं तर पाणी दिसेपर्यंत पूल संपला. नंदुरबारच्या अलीकडे एक कावळा आमच्याबरोबर शर्यत लावून उडत होता. थोड्या वेळाने त्याने नाद सोडला आणि खांबावर बसून लांबूनच शिव्या दिल्या.

"आबा, भीती वाटते का?" ललितने विचारलं.

"वाटायला आधी ती गाडीत शिरली पाहिजे," मी म्हणालो. "जागा कुठे आहे?"

रनाळ्यात भूमिकेची सासू तापीबाई ओट्यावर उभी. अंगाने भरभक्कम, नजर तिखट. तिने गाडीला पुढून एक फेरी मारली, मागून एक फेरी मारली.

"छगनभाऊ," ती मला म्हणाली, "बाकीनी गाडी कोठे शे?"

मी म्हणालो, "विहीणबाई, गाडी सगळी हीच. बाकीचा भाग वेग आहे, तो चालल्यावर दिसतो."

ती हसली नाही. विहिणीने नाक मुरडलं तर तिथेच सगळं संपत होतं. चहा झाला, सांजोऱ्या झाल्या, भूमिकेने पेटी आणली. आता त्या घरची रीत अशी की सून माहेरी निघाली की सासू तिला गावच्या शिवेपर्यंत पोहोचवते. पायी. पण ललितला विहीण खूश करायची घाई. तो बोलून गेला, "मावशी, चालता कशाला उन्हात? शिवेपर्यंत बसा ना."

तापीबाई बसली. माझी जागा गेली. मी आणि भूमिका मागे, पेटी आमच्या दोघांच्या मांडीवर. माझे गुडघे कानांशी आले. डाव्या गुडघ्याने मला पुढे काय चाललंय ते सांगायचं आणि उजव्याने ऐकायचं, असा प्रवास सुरू झाला.

रनाळ्याची शीव आली. ललितने गाडी थांबवली, उतरून अदबीने दार उघडलं. तापीबाई समोर बघत बसून राहिली. थंडगार हवा तोंडावर येत होती, बाहेर वैशाखाचं ऊन भाजत होतं.

"आई, शीव आली," भूमिका मागून म्हणाली.

"माले दिसस," तापीबाई म्हणाली. "आते चालू दे. मी काय उतराव नही."

भूमिकेने माझ्या बरगडीत कोपर मारलं. तिला हसू आवरेना, आणि हसायला मागे जागा नव्हती.

ललितने दार लावलं. पुढे काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने त्याला जे येत होतं ते केलं. पाय दाबला. तापीबाईने डोक्यावरचा पदर दातात धरला आणि डोळे मिटले. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. नंदुरबार गेलं. "अजून जास का ही?" तिने विचारलं.

"जाते की, मावशी."

"मंग कसाले लपाडस?"

प्रकाशाच्या पुढे एका गावात ताजा गतिरोधक घातलेला होता. गतिरोधक कसला, सातपुड्याचं पोर होतं ते. ललित एकटा असता तर तिरका चढवून गेला असता. पण आम्ही चौघं आणि पेटी. पुढची चाकं पलीकडे उतरली, मागची अलीकडे राहिली, आणि गाडी पोटावर टेकून झोपाळ्यासारखी डुलायला लागली. तापीबाई पुढे वाकली की नाक खाली, मी मागे रेललो की शेपूट खाली.

ललितचा चेहरा उतरला. दिवस कलत होता. सगळे उतरले तर गाडी सुटली असती, पण मग लेकीला रस्त्यावर चालावं लागलं असतं, आणि शांतीलालचा शब्द तुम्हाला ठाऊक आहे.

"मावशी, तुम्ही क्षणभर..." त्याने सुरुवात केली.

"एकदाव सांगं ना, मी उतराव नही," तापीबाई म्हणाली.

तेवढ्यात ऊस तोडून सातपुड्याकडे परत निघालेल्या मजुरांचा ट्रॅक्टर मागे थांबला. त्यांचा मुकादम गोवाल खाली उतरला, गाडीभोवती फिरला, आत चार माणसं पाहून त्याला गंमत वाटली. आपल्या भाषेत त्याने काहीतरी हाक दिली आणि ट्रॅक्टरवरून माणसं उतरली. उतरतच राहिली. त्यांनी आमच्यासकट गाडी उचलली. अशी अलगद, की तापीबाईच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी हललं नाही. गतिरोधकाच्या पलीकडे ठेवायची, तर त्यांनाही मजा आली असावी. पार गावाच्या टोकापर्यंत पालखीसारखी नाचवत नेली. मागे कुणीतरी ढोल काढला. गावातल्या बायांनी हळद-कुंकू उधळलं, कोणता देव आहे हे न विचारता. तापीबाई दोन्ही बाजूंना हात जोडत होती.

दिवस तांबडा झाला तेव्हा आम्ही कळसाडीत शिरलो. ओट्यावर शांतीलाल, शेजारी हेमकांत, समोर जीप. गाडी दारात थांबली आणि पुढच्या सीटवर विहीणबाई पाहून शांतीलाल ताडकन उभा राहिला. विहीण घरी आलेली, कळवल्याशिवाय, आणि आत आरतीचं ताटसुद्धा तयार नाही.

त्याच्या घरचा रिवाज पक्का. विहिणीचे पाय उंबरठ्यावर धुवायचे, तिथे कुंकवाची बोटं ओढायची, मगच तिने आत यायचं. जसोदाबाई तांब्या आणि परात घेऊन धावत आल्या. "या, विहीणबाई, उतरा."

"पाय आठेच धुवा," तापीबाई म्हणाली आणि दोन्ही पाय गाडीबाहेर काढले. "माले आखो एक चक्कर मारनी शे."

जसोदाबाईंनी शांतीलालकडे पाहिलं. विहिणीला नाही म्हणायचं नाही, हाही रिवाजच. त्या खाली बसल्या, परातीत पाय धुतले, आणि गाडीच्या दाराखालच्या पट्टीवर कुंकवाची पाच बोटं ओढली. भूमिका मागून वाकून बघत म्हणाली, "आई, आता मी कुठून उतरू?" तिला वाट द्यायला तापीबाईला उठावं लागलं. लेक कुंकवाच्या पट्टीवरून पाऊल टाकून दारात उतरली. दिवस मावळायला अजून थोडा अवकाश होता.

हेमकांत चावीसाठी पुढे आला होता. ते कुंकू पाहून त्याने हात मागे घेतला. "काका, हा आता तुमचा उंबरठा झाला," तो म्हणाला. "उंबरठा उपटून नेला तर माझी आई मला घरात घेणार नाही."

ललितने श्वास सोडला. समोरच्या कडुनिंबाची चार पानं गळाली.

"चला," तापीबाई पुन्हा पुढच्या सीटवर बसत म्हणाली. "चक्कर."

विहीण घराच्या गाडीतून फिरायला निघाली तर घरधन्याने सोबत जायला हवं. पुढे जागा नव्हती. शांतीलालने टोपी हातात घेतली, धोतर सावरलं, आणि मागच्या जागेत स्वतःची घडी घातली. त्याचे गुडघे कानांशी आलेले मी ओट्यावरून पाहिले. फार बरं वाटलं.

गाडी शहाद्याच्या रस्त्याला लागली, वळून परत आली, आणि आमच्या समोरून लाल रेघेसारखी निघून गेली. उघड्या काचेतून शांतीलालचा आवाज आला, हळू, विहिणीला ऐकू जाऊ नये असा.

"ललित, जराखा दाब."