लिफाफ्याविना गेलेलं कार्ड

पेटीत कार्ड टाकलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. लिफाफा! लिफाफ्यात घातलंच नव्हतं मी!

तसं कार्ड साधंच होतं. झेंड्याखाली एक शिपाई, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलेली मुलगी आणि मधोमध लालभडक बदाम. आमच्या औषधांच्या दुकानात मीच ती विकायचे. त्या वसंतात गावातली प्रत्येक पोरगी छावणीतल्या आपापल्या पोराला तसलं कार्ड पाठवत होती. पण त्यांच्या कार्डांच्या पाठीवर असायचं, 'आईची तब्येत बरी आहे, गाईला वासरू झालं.' आणि माझ्या?

'एल्डन, दोन वर्षं झाली. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच विचारते. लग्न करतोस का माझ्याशी? जहाजावर चढण्याआधी कळव. लिओटा.'

रागाच्या भरात लिहिलं होतं. शुक्रवारी त्याची तुकडी फ्रान्सला निघणार आणि हे महाशय मला लिहितात काय, तर छावणीतल्या घेवड्याबद्दल!

मी धावतच टपाल कचेरीच्या खिडकीशी गेले. "टॅपनबाई, माझं कार्ड परत द्या!"

"पेटीत पडलं ते सरकारचं," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा नाकावर होता आणि माझं कार्ड हातात. "अक्षर मात्र छान आहे हो तुझं."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं. आई म्हणाली, "अगं, जनाची नाही तर मनाची तरी! पोरी विचारतात का कधी?"

"मग तो विचारेपर्यंत लढाई संपेल, आई!" मी म्हटलं खरं, पण रात्री उशी ओली झाली. नाही म्हणाला तर? आणि तेही उघड्या कार्डावर?

चार दिवसांनी, बुधवारी सकाळी दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागली. कुणाला खोकला नव्हता, कुणाचं डोकं दुखत नव्हतं. नुसते येत, माझ्याकडे बघत आणि कापूर विकत घेऊन जात. मग शेजारच्या डनलॅपकाकू आल्या आणि रडायलाच लागल्या.

"काय झालं काकू?"

"काही नाही गं बाळ. डोळ्यात काहीतरी गेलं."

दोन्ही डोळ्यांत? माझं डोकंच फिरलं. उत्तर आलेलं होतं! साऱ्या गावानं वाचलेलं होतं, आणि जिचं उत्तर ती मी इथे कापूर विकत बसले होते!

एप्रन काउंटरवर फेकला आणि निघाले. रस्ताभर माणसं माझ्या मागून चालायला लागली. पाद्रीबाबा, खाटीक, आईसुद्धा, कणकेचे हात तसेच.

"द्या," मी टॅपनबाईंना म्हटलं. "आणि आता चष्मा पुसत बसू नका!"

त्यांनी कार्ड पुढे सरकवलं. एल्डनचं वेडंवाकडं पेन्सिलीचं अक्षर.

'लिओटा, आमच्याकडे कार्डं सार्जंट मोठ्यानं वाचतो. तुझंही वाचलं. दोनशे जण एकदम "हो" म्हणून ओरडले. मी गप्प होतो. दोन वर्षं गप्प होतो तो याचसाठी, की मी परत आलो नाही तर तू विसाव्या वर्षी विधवा होशील. तेवढ्यासाठी नाही म्हणणार होतो. पण खोटं लिहवत नाही. हो. हजारदा हो. रजा बंद आहे. छावणीचे पाद्री गुरुवारी दुपारी लग्न लावतील, पण तू यावंस असं सांगायचा मला हक्क नाही. नीट विचार कर.'

मागे सारे माना उंचावून बघत होते. म्हणजे एवढ्यासाठी! एवढ्यासाठी मला घेवड्याच्या गोष्टी लिहीत होता गाढव!

"काय ठरवलंस गं?" आईनं हळूच विचारलं.

"विधवा व्हायचं असेल तर त्याचीच होईन!" मी ओरडले. "आई, माझा निळा झगा कुठाय?"

"सकाळीच इस्त्री करून ठेवलाय," आई म्हणाली आणि रडत रडत हसायला लागली. "पळ आता, चारची गाडी आहे."