लोखंडाचं ताक

...कडेनं पांढरट, मधे लाल. मोडक्या विळ्याचं ते बोटभर पातं चुलीतल्या निखाऱ्यांत पडून होतं. केशरबाईच्या एका हातात सांडशी, दुसऱ्यात ताकाची वाटी — पातं उचलायचं, ताकात चुर्र करून विझवायचं, वाटी सुनेला द्यायची, इतकंच काम. पण हात पुढे जात नव्हता. दोन महिने रोज केलं. यशोधरेला टीबी निघाला, तोंड चुन्यासारखं झालं, तेव्हा आईनं शिकवलेलं हेच तर... बाळंतिणी उठवल्या मी यावर. गल्लीत कोणाची सून पांढरी पडली की पहिलं बोलावणं केशरबाईला, डॉक्टरला मागाहून.

आणि काल अंबाजोगाईला ती डॉक्टरीण — नातीच्या वयाची, तिला काय कळतंय, असं म्हणतच बसले मी — चिठ्ठीच्या पाठीवर गोल काढून सांगत होती. "आजी, या पेशी जंतूला गिळतात. पण जंतूलाही लोह लागतं. म्हणून शरीर लोह कुलपात टाकतं, त्याला मिळू देत नाही. रक्त कमी दिसतं ते त्यानंही. टीबीच्या गोळ्या चुकवू नका, रक्त भरत येईल. लोहाच्या गोळ्या मी सध्या देत नाही." मग मान वर करून, सहजच, "घरी अजून काही देता का?"

"आमी काय देणार बाई? भाकर."

यशोधरेनं सासूकडे पाहिलं होतं. केशरबाईला खोटं पाडायची या घरात कोणाची छाती...

कुलपात. म्हणजे घरात चोर शिरला, आतल्या बायांनी धान्याच्या कोठीला कुलूप ठोकलं, त्याला उपाशी मारायला बसल्या — आणि मागच्या खिडकीतून मी, रोज, वाटीभर... काय उतरत असेल एवढ्याशा पात्यातून? काहीच नसेल. मग जन्मभर मिरवलं काय मी? आणि उतरत असेल तर — संध्याकाळचा ताप अजून हटत का नाही, दंडाची हाडं का दिसतात... फोन करता येतो. नंबर चिठ्ठीवर आहे. पण मग कालची खोटी भाकर गिळावी लागेल.

"आत्या, झालं का ताक?" आतल्या खोलीतून यशोधरा.

"आंबलंय. आज न्हाई."

"कावून? सकाळीच तर घुसळलं तुमी." दम खात, "आंबट चालंल मला. त्याच्यावरच तर उभी हाय मी."

लई तोंड चालतंय तुझं, असं म्हणायला केशरबाई वळली आणि नजर सांडशीवर गेली. पातं कधी उचललं होतं कोणास ठाऊक, सांडशीत ते काळं पडत चाललं होतं. वाटी खाली ठेवली. पुन्हा उचलली.

आत खोकला उठला. लांब, ओला. ती कान देऊन ऐकत राहिली... दोन महिने ऐकलेला तोच खोकला — आणि आज तिला वाटलं, आत कोणीतरी आपल्या हातचं पोटभर जेवून ढेकर देतंय.