चिमूटभर बोरॅक्स

दुकान मुलाच्या हवाली करून शिंपीबुवांनी घरामागच्या रेताड तुकड्यात फ्लॉवर लावला. रोपं तरारली, पण पहिला गड्डा कापला तर दांडा आतून पोकळ आणि तपकिरी. बुवांचं तोंड एवढंसं झालं.

सून माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने माती नेऊन पाहिली. बोरॉन कमी पडत होतं. रेताड मातीत ते टिकत नाही, पाण्याबरोबर खाली निघून जातं, असं तिने जेवताना समजावलं आणि बादलीभर पाण्यात बोरॅक्सची, म्हणजे बोरॉन असलेल्या क्षाराची, पूड चिमूटभरच घालायला सांगितली. सासऱ्यांनी मान डोलावली. पण ती कामावर गेल्यावर चिमटीकडे बघून त्यांना वाटलं, एवढ्याने काय होणार? त्यांनी चांगली मूठभर घातली.

थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या. सासऱ्यांनी ते सुनेला कळू दिलं नाही. सुट्टीच्या दिवशी सून मागे गेली, तर सगळी पानं कडेने गोलाकार, सुबक कापलेली. ती वाकून बघतच राहिली.

"बाबा, एवढं सफाईदार खाणारी अळी मी अजून पाहिली नाही."

सासरे घसा खाकरत म्हणाले, "अळी नाही गं. माझी कात्री."

तिला हसू आवरेना. मग त्यांनी मुठीची हकिकत सांगितली आणि रोपं गेलीच का, असं हळूच विचारलं.

"नाही जायची," ती म्हणाली. "ही माती काही धरून ठेवत नाही ना, तेच आज आपल्या पथ्यावर पडेल. भरपूर पाणी सोडा, जास्तीचं वाहून जाईल."

दोघांनी पाइप लावून वाफे चिंब केले, पुढेही अधूनमधून तसंच पाणी दिलं. हळूहळू नवी पानं स्वच्छ हिरवी फुटली. सगळी नाही, पण बरीचशी रोपं सावरली.

पुढच्या लावणीआधी तिने मातीत कुजलेला पालापाचोळा मिसळायला लावला. तो बोरॉन, जस्त धरून ठेवतो आणि मुळांना लागेल तसं देतो, म्हणाली. सासऱ्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची अंगणं झाडून पोती भरून आणली. वर, अंगण झाडून दिल्याबद्दल त्यांच्याकडून चहाही उकळला.

या वेळी दांडे भरीव निघाले. सासूबाईंनी मात्र दोन्ही वेळा फ्लॉवर रांधून रांधून शेवटी हात टेकले.

"आता दुसरं काहीतरी लावा," त्या म्हणाल्या.

सासरे सुनेकडे वळले. "बिटाला बोरॅक्स किती लागतं गं?"